पाणी घातल्यावर साबणाचा लगदा आणखी घट्ट का होतो? (सर्फॅक्टंट, लिपिड आणि पाणी)

घुसळण | सोमवार, सकाळी ९:१०

हँडवॉश, भांड्यांचं लिक्विड, शाम्पू करणारे इथे एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि दर वेळी त्याचं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून हा वेगळा धागा.

मुंबईच्या वडगादी बाजारात ७० टक्क्यांचा एसएलईएस, म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट या सर्फॅक्टंटचा (साबणासारखं काम करणाऱ्या रसायनाचा) लगदा मिळतो. चमच्याने निघतो, डबा कलता केला तर हळूहळू का होईना पण सरकतो. त्यात निम्मं पाणी घालून ढवळलं की तो पातळ व्हायला हवा. होतं उलटंच. भांड्यात कडक, पारदर्शक, रबरासारखी जेली तयार होते. रवी अडकते, ड्रिल मशीनला लावलेला पंखा नुसता जागच्या जागी भोक पाडत फिरतो. मग लोक म्हणतात, माल भेसळीचा होता.

माल ठीक असतो. घट्टपणा पाणी किती यावर ठरत नाही, रेणू कसे रचलेत यावर ठरतो. ७० टक्क्यांना रेणू पदरापदरांनी बसलेले असतात, पोळीचे पदर असावेत तसे, फक्त मध्ये तेलाऐवजी पाणी. पदर एकमेकांवरून घसरतात म्हणून लगदा वाहतो. याला लॅमेलर अवस्था म्हणतात. पाणी वाढवत साधारण ६० ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात आलं की पदर मोडतात आणि लांबलचक दांड्या तयार होतात. त्या दांड्या पेन्सिलींच्या जुडग्यासारख्या षटकोनी मांडणीत घट्ट बसतात. ही हेक्सॅगोनल अवस्था. जुडगा लांबीच्या दिशेने सरकेल, पण आडवा हलणार नाही, म्हणून ती जेली. ३० टक्क्यांच्या खाली जुडगा सुटतो, सुटे मायसेल, म्हणजे रेणूंचे बारीक पुंजके, पाण्यात तरंगतात आणि द्रव पुन्हा वाहायला लागतो. बाजारात तयार मिळणारा पातळ माल २८ टक्क्यांचा असतो तो याचमुळे. त्याहून दाट ठेवला तर कॅनमधून निघणारच नाही.

म्हणजे ७० वरून १० वर जायचं तर मधली जेली ओलांडावीच लागते. ती कमी वेळात आणि पातळ थरात कशी ओलांडायची, एवढंच आपल्या हातात असतं.

निळा_लिटमस | सोमवार, सकाळी ९:५२

चांगला धागा. प्रमाण आणि पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक देता येईल.

१० किलोच्या बॅचमध्ये १० टक्के सक्रिय घटक हवा तर १ किलो भागिले ०.७०, म्हणजे १.४३ किलो लगदा. २८ टक्क्यांचा साठा करून ठेवायचा असेल तर १०० किलोला ४० किलो लगदा आणि ६० किलो पाणी.

लगद्यावर थोडं थोडं पाणी घालू नका. सगळी गडबड तिथेच होते, कारण आख्खी बॅच एकदम जेलीच्या पट्ट्यात जाऊन बसते. पाणी आधी पूर्ण घ्या आणि ते मंद फिरत असताना लगदा थोडा थोडा सोडा. म्हणजे जेली फक्त प्रत्येक गोळ्याच्या सालीवर राहते, बाकी भांडं पातळच असतं.

ढवळणी नसेल तर लगदा बादलीच्या तळाशी आणि कडांना ३-४ मिलिमीटर जाड लिंपा, सगळं पाणी एका वेळी वर ओता, झाकण लावा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी लाकडी दांड्याने सावकाश फिरवा. लिंपणाचं कारण असं की पाणी आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. १ मिलिमीटरच्या थराला जेवढा वेळ, त्याच्या २५ पट ५ मिलिमीटरला. लिंबाएवढा गोळा तसाच टाकला तर दोन दिवसांनीही आत पांढरट गाभा सापडतो.

पाणी कोमट, ४०-५० अंश, चालेल. त्याने मधली जेली नाहीशी होत नाही, फक्त झिरपणं जलद होतं. उकळतं पाणी नको. आणि सामू ७ च्या खाली जाऊ देऊ नका. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सल्फेट तुटायला लागतं, तुटताना आणखी आम्ल सुटतं आणि ती गाडी मग थांबत नाही. सायट्रिक आम्ल शेवटी, थंड झाल्यावर.

अजून एक. ७० टक्क्यांच्या लगद्यात जंतू वाढत नाहीत, कारण त्यांना मोकळं पाणीच मिळत नाही. २८ टक्क्यांत सुखाने वाढतात. प्रिझर्व्हेटिव्ह विरल केल्याबरोबर घाला, "उद्या सुगंधासोबत" नको.

बुडबुडा | सोमवार, सकाळी १०:३०

रवी, ब्लेंडर, ड्रिल काहीही जोरात चालवू नका हेही त्यात जोडा. जेलीत शिरलेली हवा बाहेर येत नाही, मग आठवडाभर ढगाळ माल.

सतरावा_मजला | सोमवार, दुपारी १:१५

ज्यांना हे पदर आणि जुडगे डोळ्यांनी पाहायचेत त्यांच्यासाठी. साधा शाळेचा सूक्ष्मदर्शक, १० पट भिंग आणि ध्रुवक फिल्मचे दोन तुकडे पुरतात. फिल्म मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगसाहित्याच्या दुकानांत विचारा. नाहीतर जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची सोलून घ्या. एक तुकडा दिव्यावर, दुसरा नेत्रिकेवर, आणि फिरवून काळोख होईल असे आडवे-उभे ठेवा.

काचपट्टीवर मोहरीएवढा लगदा ठेवा, वर कव्हरस्लिप दाबा. आता स्लिपच्या कडेला ड्रॉपरने एक थेंब पाणी लावा. ते केशाकर्षणाने आत ओढलं जातं आणि लगद्याच्या कडेपाशी थांबतं. पाच-दहा मिनिटांत त्या कडेवर पट्टे उमटतात. आतल्या बाजूला लगदा चमकतो, त्यात तेलकट रेघोट्या आणि छोटे छोटे चकाकते क्रॉस दिसतात. ते पदर. त्याच्या बाहेर एक अरुंद, पूर्ण काळी पट्टी. मग पुन्हा उजळ पट्टा, या वेळी पंख्यासारख्या झुपक्यांचा. तो षटकोनी जुडगा. त्याच्या पलीकडे पुन्हा काळोख, म्हणजे सुटे मायसेल आणि पाणी. ७० पासून ० पर्यंतचा सगळा प्रवास अर्ध्या मिलिमीटरात मांडलेला असतो.

मधली काळी पट्टी पाहून गोंधळू नका. ती क्यूबिक अवस्था, सगळ्या दिशांनी सारखी रचना, म्हणून ध्रुवकांना ती पाण्यासारखीच काळी दिसते. पाणी की क्यूबिक हे ओळखायला स्लिपवर सुईच्या टोकाने हलका दाब द्या. पाण्यातले बुडबुडे पळतात. क्यूबिकमधले जागचे हलत नाहीत, आणि गोल राहण्याऐवजी चेपलेले, कोनेदार दिसतात. सगळ्यांत कडक अवस्था हीच.

प्लॅस्टिकची स्लिप किंवा पट्टी वापरू नका. ओढून बनवलेलं प्लॅस्टिक स्वतःच रंगीत चमकतं आणि तुम्ही त्यालाच द्रवस्फटिक (रेणू असे रचून बसलेला माल) समजून बसता.

खाडीवारा | सोमवार, दुपारी ३:४०

हे ज्ञान क्ष-किरणांनी आतली रचना पाहण्याच्या आधीचं आहे बरं. साबण शिजवणाऱ्यांकडे या अवस्थांना नावं होती: पदरांच्या वाहत्या साबणाला "नीट सोप", जुडग्याच्या जेलीला "मिडल सोप". कढई घट्ट वाटली म्हणून नव्या माणसाने पाण्याचा पाइप सोडला की मिडल सोप तयार आणि पंप जाम, ही कारखान्यातली नेहमीची आपत्ती. त्यावर इलाज आणखी पाणी हा नाही, मिठाचं दाट पाणी किंवा कॉस्टिकची तीव्र लाय. क्षार घातले की माल पुन्हा नीट सोपकडे सरकतो. हे कढईवाल्यांना हाताने ठाऊक होतं. आत दांड्या आहेत की पदर, हे लुझाटी आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी दाखवलं ते १९५० च्या दशकाच्या अखेरीला.

तिसरी_मात्रा | सोमवार, रात्री ९:०५

घुसळण यांनी "कसं" सांगितलं. "का" साठी थोडं गणित, पण सोपं.

रेणूला पाण्यात राहणारं डोकं आणि पाण्यापासून पळणारी शेपटी असते. त्याच्या तीन मापांवर खेळ आहे: शेपटीचं घनफळ, शेपटीची लांबी आणि डोक्याने पृष्ठभागावर व्यापलेली जागा. घनफळ भागिले (जागा गुणिले लांबी) हा पॅकिंग पॅरामीटर. इस्राएलाच्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी १९७६ साली मांडला. उत्तर एक-तृतीयांशाखाली आलं तर गोळे, एक-तृतीयांश ते अर्धा दांड्या, अर्धा ते एक पदर, आणि एकाच्या वर गेलं तर सगळंच उलटं: डोकी आत, शेपट्या बाहेर.

शेपटीसाठी टॅनफर्डचं सूत्र. n कार्बनांना घनफळ २७.४ + २६.९n घन अँगस्ट्रॉम, लांबी जास्तीत जास्त १.५ + १.२६५n अँगस्ट्रॉम. एसडीएसची (सोडियम डोडेसिल सल्फेटची) शेपटी १२ कार्बनांची, म्हणजे ३५० घन अँगस्ट्रॉम आणि १६.७ अँगस्ट्रॉम. डोक्याची जागा ६२ चौरस अँगस्ट्रॉमच्या आसपास. ३५० भागिले (६२ × १६.७) म्हणजे ०.३४. बरोब्बर गोळा आणि दांडीच्या सीमेवर. आणि त्या गोळ्याचं पृष्ठफळ भागिले ६२ केलं तर ५६ रेणू येतात. मोजलेला आकडा साठीच्या घरात आहे. पाठकोऱ्या कागदावर केलेल्या हिशोबाला एवढं पुष्कळ झालं.

आता मीठ घाला. डोकी ऋणभारित, एकमेकांना ढकलणारी. मिठाचे सोडियम आयन मध्ये आले की ढकलाढकल कमी, डोकी जवळ येतात. जागा ६२ ऐवजी ५० धरली तर उत्तर ०.४२. गोळ्याची दांडी झाली. शाम्पू मिठाने घट्ट होतो तो असा. मीठ स्वतः काहीच घट्ट करत नाही.

लेसिथिनसारख्या लिपिडाला (चरबीच्या जातीच्या रेणूला) एका डोक्याला दोन शेपट्या. डीपीपीसी या लेसिथिनच्या प्रकारात दोन शेपट्या १६-१६ कार्बनांच्या, घनफळ ९१६, लांबी २१.७, डोक्याची जागा वितळलेल्या अवस्थेत ६४. उत्तर ०.६६, म्हणजे पदर. पेशीचं आवरण पदराचं का असतं आणि साबणाचे मायसेल का होतात, फरक या दुसऱ्या शेपटीचा.

घुसळण | सोमवार, रात्री ९:४०

एक दुरुस्ती सुचवतो. डोक्याची जागा हा रेणूचा जन्मसिद्ध गुण असल्यासारखं ते वाचलं जातं. तसं नाही, ती मीठ, तापमान, शेजारी कोण यावर बदलते. शिवाय दाट मिश्रणात पॅरामीटर जागचा न हलताही गोळ्यांच्या दांड्या होतात, केवळ गर्दीमुळे. ७० टक्क्यांत १०० ग्रॅम मालात ३० ग्रॅम पाणी, तिथे गोळे मावणारच नाहीत.

तिसरी_मात्रा | सोमवार, रात्री ९:४८

मान्य. विरल द्रावणासाठी पॅरामीटर, दाट मालासाठी अवस्थांचा नकाशा. दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे.

निळा_लिटमस | मंगळवार, सकाळी ८:३०

मिठाचा विषय निघालाच आहे तर "मीठ घातलं आणि पातळ झालं" ही दुसरी नेहमीची तक्रार.

मीठ वाढवत गेलात की दांड्या लांब होत होत शेवयांसारख्या लवचीक होतात, एकमेकींत गुंततात आणि द्रव घट्ट होतो. १०-१२ टक्के सक्रिय घटकाच्या मालात हे शिखर बहुतेक वेळा १ ते ३ टक्के मिठाच्या दरम्यान येतं. त्यापुढे शेवयांना फाटे फुटतात. फाटा गाठीसारखा पक्का नसतो, तो शेवईवरून घसरतो, म्हणून गुंता सैल पडतो आणि माल पातळ. आणखी मीठ घातलं तर धुरकट होऊन दोन थर.

गंमत अशी की मीठ कमी पडलेला माल आणि मीठ जास्त झालेला माल बाटलीत सारखाच दिसतो. ओळखायला दोन कप घ्या, प्रत्येकी १०० ग्रॅम माल. एकात ०.३ ग्रॅम मीठ चमचाभर पाण्यात विरघळवून, दुसऱ्यात ५ ग्रॅम साधं पाणी. हलक्या हाताने ढवळा, फेस बसू द्या. पाण्याचा कप घट्ट झाला तर मीठ जास्त झालेलं आहे. मग त्या बॅचमध्ये मीठविरहित एसएलईएसचं द्रावण मिसळा.

मीठ कोरडं टाकू नका. २० टक्क्यांचं द्रावण करून, शेवटचा पाव भाग थेंबाथेंबाने. आणि मोजताना लपलेलं मीठ विसरू नका. सीएपीबी म्हणजे कोकामिडोप्रोपिल बीटेनच्या ३० टक्क्यांच्या द्रवात ५-६ टक्के मीठ आधीच असतं. १० किलोत अर्धा किलो सीएपीबी म्हणजे २५-३० ग्रॅम मीठ न घालताच गेलं. सीएपीबी स्वतःही डोक्यांची ढकलाढकल कमी करतं, म्हणून त्याच्यासोबत शिखर लवकर येतं. एक मोलचा आणि दोन मोलचा एसएलईएस (रेणूत इथिलीन ऑक्साइड किती, तो आकडा) यांचंही शिखर वेगळं, एक मोलच्याला मीठ कमी लागतं. डब्यावरचा तो आकडा बघा.

सुगंध शेवटी घालता ना? मग मिठाचा अखेरचा हप्ता सुगंधानंतर. काही तेलं शेवयांच्या आत शिरतात आणि त्यांचे पुन्हा गोळे करतात. कालची घट्ट बॅच आज गुलाबाच्या वासाची पण पाण्यासारखी.

पदरपोळी | मंगळवार, सकाळी ११:२०

प्रयोगशाळेकडून दोन गोष्टी. दोन्ही एसीशी संबंधित, त्यामुळे मुंबईत रोजच्या.

आयनी, म्हणजे भारित डोक्याच्या सर्फॅक्टंटला क्राफ्ट तापमान असतं. त्याखाली मायसेल बनतच नाहीत, रेणू स्फटिक होऊन तळाशी बसतात. एसडीएससाठी ते पंधरा अंशांच्या आसपास, पण १० किंवा २० टक्क्यांची साठ्याची बाटली १८-२० अंशांच्या एसीत रात्रभर राहिली की पांढऱ्या सुया धरते. वरचं स्वच्छ द्रावण पिपेटने घेऊन काम उरकू नका, त्याची तीव्रता लेबलवर लिहिलेली उरलेली नसते. ३७ अंशांच्या पाण्यात ठेवा, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत हलवा, मग घ्या. एसडीएस असलेला नमुना बर्फावर ठेवणं म्हणजे एसडीएस गमावणं.

सीटॅब या दुसऱ्या आयनी सर्फॅक्टंटचं क्राफ्ट तापमान २५ अंशांच्या जवळ. वनस्पतींचा डीएनए काढायचं २ टक्के सीटॅबचं द्रावण म्हणून तर एसीत साय धरतं. वापरण्याआधी ६० अंशांना गरम करतात त्यामागचं हे एक कारण.

पोटॅशियम हा आणखी एक सापळा. सोडियमच्या जागी पोटॅशियम आलं की डोडेसिल सल्फेटचं क्राफ्ट तापमान तिशीच्या वर चढतं आणि पांढरा साका पडतो. जिवाणूंतून प्लाझ्मिड (छोटा गोल डीएनए) काढताना तिसऱ्या द्रावणातलं पोटॅशियम अ‍ॅसिटेट नेमकं हेच करतं: जो दह्यासारखा साका दिसतो त्यात पोटॅशियम डोडेसिल सल्फेट, प्रथिनं आणि गुणसूत्री डीएनए. पण पोटॅशियम क्लोराइड असलेल्या पीबीएस या फॉस्फेट बफरमध्ये एसडीएस घालून तोच साका पडला की लोक बफर खराब म्हणून फेकतात.

नॉनआयनिकची, म्हणजे बिनभाराच्या डोक्याच्या सर्फॅक्टंटची तऱ्हा उलटी. ट्रायटन एक्स-११४ सुमारे २२ अंशांच्या वर धुरकट होतो आणि दोन थर पडतात, डिटर्जंटचा जड थर खाली. डोक्याच्या इथिलीन ऑक्साइड साखळीला धरून असलेलं पाणी गरम झाल्यावर सुटतं, त्यामुळे. मुंबईत एसीबाहेर ठेवलेली २ टक्क्यांची बाटली बाराही महिने जवळजवळ दुधीच. ती बिघडलेली नाही. बर्फावर ठेवून ढवळली की स्वच्छ. बोर्डिए यांनी १९८१ मध्ये याच स्वभावाचा उपयोग करून पेशीच्या पटलातली (आवरणातली) प्रथिनं वेगळी काढली: थंडीत विरघळवा, ३० अंशांना आणा, पटलाची प्रथिनं खालच्या थरात येतात. ट्रायटन एक्स-१०० ला हे ६५ अंशांच्या आसपास होतं, म्हणून तो टेबलावर गुणी वाटतो.

बुडबुडा | मंगळवार, सकाळी ११:३५

एक थंडीला रुसतो, दुसरा उन्हाला.

सतरावा_मजला | मंगळवार, दुपारी २:१०

लिपिडाबद्दल आणखी यायला हवं. एसडीएसची क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे जिच्यापुढे मायसेल बनायला लागतात ती तीव्रता, ८.२ मिलिमोलर, लिटरला २.४ ग्रॅमच्या आत-बाहेर. डीपीपीसीची एका नॅनोमोलरपेक्षाही कमी. फरक कोटीपट. व्यवहारात याचा अर्थ असा की साबणाचे मायसेल भरपूर पाण्यात विरघळून सुटे होतात, लिपिडाचे पदर कितीही पाणी ओता, टिकतात.

पदरपोळी | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

लिपिडाचे पदर पाण्यात बंद पिशव्या होतात, हे बॅंगहॅम आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर केंब्रिजजवळ बाब्रॅममध्ये दाखवलं. लायपोसोम ते हेच. पद्धत, जिथे हात घसरतो त्या जागांसह:

५० मिलिलिटरच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये २० मिलिग्रॅम सोया फॉस्फॅटिडिलकोलिन (सोयाबीनच्या लेसिथिनमधला लिपिड), २ मिलिलिटर क्लोरोफॉर्ममध्ये. सगळी भांडी काचेची, पॉलिस्टायरिनला क्लोरोफॉर्म लागला की ते विरघळून तुमच्या लिपिडात येतं. रोटरी बाष्पकावर ४० अंशांना फिरवत पातळ पापुद्रा करा. तळाशी डबकं साठलेलं असेल तर पापुद्रा झालेलाच नाही, पुन्हा विरघळवा. मग किमान दोन तास निर्वातात. क्लोरोफॉर्मचा अंश राहिला तर पिशव्या गळक्या होतात, आणि वासाने तो कळेलच असं नाही.

२ मिलिलिटर बफर घाला, दोन-चार काचमणी टाका, अर्धा ते एक तास फिरवा. दूध होतं. त्यात कांद्यासारख्या अनेक पदरांच्या पिशव्या असतात, सगळ्या वेगवेगळ्या मापाच्या. द्रव नायट्रोजन आणि कोमट पाणी यांच्यात पाच वेळा गोठवा-वितळवा, मग १०० नॅनोमीटरच्या पॉलिकार्बोनेट चाळणीतून ११ वेळा ढकला. विषम आकडा मुद्दाम: शेवटी माल दुसऱ्या सिरिंजमध्ये येतो, पहिल्या सिरिंजच्या टोकाशी अडकलेलं न चाळलेलं त्यात मिसळत नाही. दूध निळसर, धुक्यासारखं झालं की जमलं.

चुकतं कुठे? तापमानात. प्रत्येक लिपिडाच्या शेपट्या ठरावीक तापमानाला वितळतात. डीएमपीसी २४, डीपीपीसी ४१, डीएसपीसी ५५ अंश. शेपट्या गोठलेल्या असताना पदर वाकत नाहीत. डीपीपीसी खोलीच्या तापमानाला ढकलायला जाल तर सिरिंजचा दांडा हलणार नाही, आणि जोर लावलात तर चाळणी फाटेल. फाटली हे कळतं कसं? दांडा अचानक हलका होतो आणि दूध दूधच राहतं. बफर, फ्लास्क, चाळणीचा ठोकळा, तिन्ही ५० अंशांना. नुसता बफर गरम करून उपयोग नाही, धातूचा ठोकळा एसीत तो लगेच थंड करतो. सोया लिपिडाच्या शेपट्या शून्याखालीच वितळलेल्या असतात, म्हणून शिकायला तोच बरा. पण त्यात दुहेरी बंध असल्यामुळे तो हवेने खवट होतो. उणे २० अंश, नायट्रोजनखाली.

खाडीवारा | मंगळवार, रात्री ८:१५

सतरावा_मजला यांच्या स्लाइडवर लगद्याऐवजी लेसिथिन ठेवून बघा. पाण्याच्या कडेने गांडुळासारख्या नळ्या वळवळत वाढतात. मायेलिन आकृती, जर्मन वैद्य फिर्खोने १८५४ मध्ये नोंदवलेल्या. मात्र बाजारातला पातळ, मधासारखा सोया लेसिथिन नको, त्यात एक-तृतीयांशाच्या आसपास तेल असतं आणि नुसते थेंब दिसतात. तेल काढलेली भुकटी आणा.

घुसळण | मंगळवार, रात्री ८:५०

उलट्या रचनेवर कुणी लिहिलं नाही.

तिसरी_मात्रा | मंगळवार, रात्री ९:३०

लिहितो. डीओपीई या लिपिडाचं डोकं लहान, शेपट्या वाकड्या आणि फताड्या, म्हणून पॅरामीटर एकाच्या वर. फ्रीजमधून काढून मुंबईच्या हवेत आणला की तो पाण्यात पदर धरत नाही, उलटा षटकोनी होतो: पाण्याच्या बारीक नळ्या, भोवती डोकी, मधल्या जागेत शेपट्या. त्याच्या नुसत्या पिशव्या करायला गेलात तर गुठळ्या पडतात. पिशव्या हव्या असतील तर सोबत मोठ्या डोक्याचा लिपिड लागतोच.

मोनोओलीन हा लिपिड आणखी विचित्र. ६० भाग मोनोओलीन (३६ अंशांच्या आसपास वितळतं, वितळवूनच घ्या) आणि ४० भाग पाणी, दोन सिरिंज सुईने जोडून इकडून तिकडे शंभरेक वेळा. आधी पांढरं, मग एकदम काचेसारखं पारदर्शक आणि इतकं कडक की अंगठा दुखतो. ही क्यूबिक अवस्था: एकच अखंड पदर सगळीकडे वळत गेलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन स्वतंत्र जाळ्या. लांडाऊ आणि रोझेनबुश यांनी १९९६ मध्ये यातच पटल-प्रथिनांचे स्फटिक वाढवले. ध्रुवकांमध्ये काळं दिसलं तर बरोबर, चमकलं तर पाणी कमी पडून पदर झालेत. ४ अंशांना ठेवू नका, स्फटिक होऊन पांढरं पडतं. २० च्या वर ठेवा.

बुडबुडा | मंगळवार, रात्री १०:०५

बेकरीवाल्यांचा केक जेल याच घराण्यातला ना?

तिसरी_मात्रा | मंगळवार, रात्री १०:२०

हो, चुलत घरातला. त्यात जीएमएस (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट) सारखे मोनोग्लिसराइड. शेपट्या सरळ, गोठणाऱ्या. पाण्यासोबत गरम केले की पदर, थंड केले की तेच पदर शेपट्या गोठवून "अल्फा जेल" होतात. फेटताना हवा धरायचं काम अल्फा करतो. पण ती तात्पुरती अवस्था आहे. काही दिवसांत रेणू आणखी दाटीने बसतात, मधलं पाणी बाहेर टाकलं जातं आणि दाणेदार "बीटा" होतो. तो हवा धरत नाही. म्हणून त्यात सॉर्बिटॉल किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल घालून अल्फा लांबवतात. डब्यात दाणे दिसले, कडेला पाणी सुटलं तर स्पंज फुगणार नाही. दिवसभर भट्टीशेजारी आणि रात्री फ्रीजमध्ये, असा फिरता डबा सगळ्यांत आधी जातो.

खाडीवारा | बुधवार, सकाळी ७:४५

पावसाळ्यात साबणाची वडी डबीत पिलपिळीत होते तीही यातच मोडते. वडी म्हणजे वेगवेगळ्या शेपट्यांच्या साबणांचं मिश्रण. त्यातले लॉरेट आणि ओलिएट पाणी ओढून द्रवस्फटिक होतात, पामिटेट आणि स्टिअरेट या तापमानाला विरघळतच नाहीत (सोडियम स्टिअरेटचं क्राफ्ट तापमान ७० अंशांच्या घरात), ते घन कण तसेच राहतात. दोन्ही मिळून तो पांढरा लगदा. भोकांची डबी वापरा, हा उपाय तापमान-बिपमानापेक्षा स्वस्त.

निळा_लिटमस | बुधवार, सकाळी ९:१५

व्यक्तिगत निरोपात एकाने विचारलंय, उत्तर इथेच देतो. जानेवारीत पहाटे हँडवॉश धुरकट होतं, दुपारी आपोआप स्वच्छ. चांगल्या एसएलईएसचं क्राफ्ट तापमान मुंबईच्या कुठल्याही थंडीच्या बरंच खाली असतं, इथिलीन ऑक्साइडची साखळी त्याचसाठी जोडलेली. तेव्हा तीन शक्यता: मीठ शिखरापलीकडे गेलंय, सुगंधाचं तेल बाहेर पडतंय, किंवा स्वस्तात बसावं म्हणून त्यात एसएलएसची (म्हणजे एसडीएसचीच) पावडर मिसळलीय.

बाटली रात्रभर फ्रीजच्या दारात ठेवा आणि थंड असतानाच एक थेंब काचपट्टीवर, ध्रुवकांमध्ये. चमकत्या सुया दिसल्या तर एसएलएस. काळ्या पार्श्वभूमीवर काहीच चमकत नाही पण ध्रुवक काढल्यावर गोल थेंब दिसतात, तर बहुधा सुगंध. दोन्ही नाही, आणि बाटली फ्रीजमध्ये उभी राहून दोन थरांत फाटली, तर दोन कपांची चाचणी करून मीठ तपासा. टँकरच्या पाण्यावर बॅच करत असाल तर तिन्हीच्या आधी पाणी बदलून एक छोटी बॅच करा. त्या पाण्यातले क्षार तुमच्या मिठाच्या हिशोबात धरलेले नसतात.